कर्जावर तिचं नाव, मग सातबाऱ्यावर का नाही?

शेतात राबणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, तुमचं नाव कोणकोणत्या कागदावर आहे? आधार, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, बचत गटाचं रजिस्टर, आणि अलीकडे बहुतेक घरांत एखाद्या मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्जकार्ड. सातबारा सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतो. डेअरीचं खातं, मोटारीचं वीजबिल, पीककर्ज, सोसायटीचं सभासदत्व हेही त्यांचंच. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे 14 टक्के निघालं. शेतातल्या कामात त्यांचा वाटा किती, हे खुरपणीच्या दिवसांत कोणत्याही बांधावर उभं राहिलं तरी दिसतं.

म्हणजे घरातलं देणं हळूहळू बाईच्या नावावर चाललंय आणि मालमत्ता आहे तिथेच आहे. महिला सक्षमीकरणाच्या मेळाव्यांत बचतीवर पुष्कळ बोललं जातं, या गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आधी कर्जाचं बोलू, मग हिशोबाचं, आणि शेवटी जमिनीचं.

सही करण्याआधी

मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईलाच मिळतं, कारण ती वेळेवर फेडते हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. तारण लागत नाही, साहेब गल्लीत येऊन फॉर्म भरून घेतो, आठवड्यात पैसे जमा. पैसे जातात फवारणीला, मोटारसायकलच्या डाउनपेमेंटला, नाहीतर जुनं देणं मिटवायला. हप्ता मात्र बाईच्या मजुरीतून जातो.

सही करण्याआधी तीन आकडे विचारा आणि स्वतः लिहून घ्या. हातात किती पडणार, एकूण किती फेडायचे, आणि किती महिन्यांत. ‘मंजूर किती’ हा आकडा तितका महत्त्वाचा नाही, कारण प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापून उरलेली रक्कम खात्यात येते.

नंतर व्याज कसं लावलंय ते पाहा. समजा, ‘महिन्याला शेकडा एकच’ म्हणून कुणी 30,000 रुपये वर्षासाठी दिले. व्याज 3,600, एकूण परतफेड 33,600, महिन्याचा हप्ता 2,800. ऐकायला 12 टक्के वाटतं. पण सहा हप्ते गेल्यावर मुद्दल निम्म्यावर आलेलं असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 30,000 वरच चाललेलं असतं. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. असं सरसकट व्याज सांगितलं, तर ढोबळमानाने तो आकडा दुप्पट करावा आणि मग दुसऱ्या कर्जाशी तुलना करावी. बचत गटातलं शेकडा दोन हेही वर्षाला 24 टक्केच होतं. ते फक्त उरलेल्या मुद्दलावर असतं आणि व्याज गटातच राहतं, एवढा फरक आहे. तरीही बँकेकडून 3 लाखांपर्यंतचं कर्ज गटाला 7 टक्क्यांनी मिळत असेल, तर सभासदाला शेकडा दोननेच द्यायचं का, हा प्रश्न बैठकीत विचारायला हरकत नाही.

मायक्रोफायनान्सबद्दल रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम तुमच्या बाजूचे आहेत, ते तोंडपाठ असू द्या. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे, त्या घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्जाची माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत, एका पत्रकावर, वार्षिक दरासकट द्यावी लागते. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करणं हा जाच समजला जातो. शिवीगाळ, दारात बसून राहणं, शेजारणींना बोलावून लाज काढणं यांतलं काहीही चालत नाही. असं घडलं तर तारीख, वेळ आणि माणसाचं नाव वहीत लिहा आणि आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या.

एक कर्ज फेडायला दुसरं घेतलं जातंय असं दिसलं, की तिथे थांबायचं. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना बसवून देण्यांची यादी करायची. पैसा कुणासाठी घेतला आणि हप्ता कोण भरणार, हे या यादीत नावानिशी यायला हवं. नवऱ्याच्या गाडीचा हप्ता तुमच्या कापूसवेचणीतून जात असेल, तर निदान तसं लिहिलेलं तरी असावं. आणि जामीनदार म्हणून सही करणं म्हणजे मैत्रिणीला दिलेला शब्द नव्हे, ते तुमच्यावरचं कर्जच असतं. तिचा हप्ता थकला की तुमच्याही सिबिलवर डाग येतो आणि पुढे बँकेत तुमचा अर्ज त्यावरून अडतो. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, गावातल्या शिकलेल्या मुलीकडून काढून घ्या.

सावकाराबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने परवाना असलेला सावकारसुद्धा शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांहून जास्त व्याज लावू शकत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाचे 60 टक्के, ते बेकायदा आहे. सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, त्यासाठी 15 वर्षांपर्यंत मागे जाता येतं.

आता विरोधाभास बघा. आपल्याकडे सर्वांत स्वस्त कर्ज पीककर्जाचं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. पण त्यासाठी सातबारा लागतो. जमीन नावावर नाही म्हणून शून्य टक्क्याचं कर्ज नवऱ्याला आणि वीस-पंचवीस टक्क्यांचं तुम्हाला, अशी ही वाटणी आहे. जमीन नसतानाही एक वाट आहे, ती फार थोड्या बायकांना माहीत असते. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांसाठीही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, 2 लाखांपर्यंत व्याजसवलतीसह. दोन म्हशी असतील तर हप्त्याच्या कर्जाआधी बँकेत जाऊन हे विचारा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी मागितल्यावर कित्येकदा नकाराचा होकार होतो.

पिकाची वही

वही तुम्हीच लिहायची. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, पण वही तुमच्या पेटीत राहू द्या. प्रत्येक पिकाला वेगळं पान. घरखर्च त्यात घुसवायचा नाही.

नमुन्यादाखल एक एकर सोयाबीन घेऊ. बियाणं 3,000, खत 2,500, फवारणी 2,500, नांगरणी ते पेरणी 4,000, निंदणीची मजुरी 3,000, सोंगणी 3,500, मळणी 1,500, वाहतूक आणि बारदान 1,000. झाले 21,000. उतारा 7 क्विंटल आला, व्यापाऱ्याने 4,200 चा भाव दिला, म्हणजे 29,400. उरले 8,400. घरात याला नफा म्हणतात.

याच पानावर खाली आणखी एक ओळ लिहा. घरच्या माणसांची मजुरी. तुम्ही, सासूबाई आणि मुलगी मिळून 25 दिवस राबलात आणि गावात बाईची हजेरी 250 असेल, तर 6,250 रुपये झाले. आता उरले 2,150. जमिनीचा मक्ता धरला तर पान उण्यात जातं. यात मी नवीन काही सांगत नाही. केंद्राचा कृषी मूल्य आयोग हमीभावासाठी उत्पादन खर्च काढतो, तेव्हा रोख खर्चात घरच्यांची मजुरी मिळवतोच. सरकारी कागदावर जी मजुरी धरली जाते, ती घरच्या वहीत का धरायची नाही? ‘तू काय कमावतेस’ या प्रश्नाला 6,250 हा आकडा पुरेसं उत्तर आहे. शिवाय पुढच्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं याची चर्चा निघते, तेव्हा ज्याच्या हातात वही असते त्याचं बोलणं ऐकावं लागतं.

त्याच पानावर आता भावाचा हिशोब करा. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता. 4,200 ने विकलं तर क्विंटलमागे 1,128 आणि 7 क्विंटलमागे 7,896 रुपये कमी आले. एकरी जे उरलं, जवळपास तेवढेच पैसे नुसत्या विक्रीत गेले. म्हणून खरेदी केंद्राची नोंदणी कधी सुरू होते याकडे लक्ष ठेवा आणि ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबाऱ्यावर पीक चढलेलं नसेल, तर केंद्रावर माल परत पाठवतात.

हमीभावाला माल गेला नाही आणि घरात पैशाची नड आहे, असं असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची चौकशी करा. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून चालू आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने घ्यायची आणि भाव वाढला की विकायचं. वरच्या उदाहरणात 22,000 रुपये उचलले तर सहा महिन्यांचं व्याज 660 होतं. सोयाबीन क्विंटलमागे शंभर रुपयांनी जरी चढलं, तरी 700 मिळून ते निघून जातं. मात्र तारण ठेवून आलेल्या पैशांत लग्नाचा खर्च काढायचा नाही. भाव पडला तर दोन्हीकडून नुकसान होतं.

विक्रीची पट्टी घरी येते तेव्हा ती वाचा. वजन, भाव, हमाली, तोलाई, वाहतूक, आणि हातात आलेली रक्कम. भाजीपाला आणि फळांवरची अडत 2016 पासून शेतकऱ्याकडून घेता येत नाही, ती खरेदीदाराने द्यायची असते. पट्टीवर ती कापलेली दिसली तर विचारा. ‘कच्च्या’ कागदावर आकडे लिहून दिले असतील, तर पक्की पावती मागा.

अंगठा, खातं आणि ठेवी

‘लाडकी बहीण’मुळे जुलै 2024 पासून घरोघरी बाईचं स्वतःचं खातं चालू झालं. दीड हजारांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं. हे खातं फक्त त्या पैशापुरतं ठेवू नका. दुधाचं बिल, मजुरी, गटाचा लाभांश तिथेच वळवा. डेअरीत खातं बदलून घ्यायला एक अर्ज पुरतो. गोठ्याचं सगळं तुम्ही करत असाल, तर दहा दिवसांचं बिल तुमच्या खात्यात येणं यात भांडण्यासारखं काही नाही. सरकारी पैसे आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात येतात, त्यामुळे ते कोणत्या बँकेशी जोडलंय हे एकदा विचारून ठेवा. पैसे ‘आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या अनेक बायकांचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

अंगठा लावून पैसे काढताना यंत्रावरची रक्कम आधी पाहा आणि पावती घ्या. ‘उमटला नाही, परत लावा’ असं म्हटलं तर आधीचा व्यवहार रद्द झाल्याचा कागद मागा. फोनवर पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येतात.

ठेवीबद्दल एक गोष्ट आपल्या भागात फार महाग पडली आहे. बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्या ठेवींनाही 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला ते संरक्षण नाही. दोन टक्के व्याज जास्त म्हणून पोरीच्या लग्नाचे पैसे ठेवण्याची ती जागा नव्हे. भिशीचंही तेच, ती माणसांच्या भरवशावर चालते.

विम्याचं काम बँकेत दहा मिनिटांत होतं. अपघात विमा वर्षाला 20 रुपये, जीवन विमा 436 रुपये, दोन्हींत 2 लाखांचं संरक्षण. दोन्ही तुमच्याही नावाने घ्या आणि नवऱ्याच्याही. साप चावणं, वीज पडणं, विहिरीत पडणं अशा अपघाती मृत्यूसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यातही 2 लाख मिळतात, आणि खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका माणसाला संरक्षण असतं. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा. दुःखाच्या घरात ही मुदत सहज निघून जाते, म्हणून शेजारणींनी ती लक्षात ठेवलेली बरी.

साताऱ्यात माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांचं उदाहरण बँकेचं आणि कागदाचं बोलताना आठवतं. माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि तोंडी व्याज काढण्यात तुमच्या अधिकाऱ्यांशी आमची बरोबरी लावून बघा म्हणाल्या. 1997 मध्ये बँक सुरू झाली. हिशोब त्यांना आधीपासून येत होता, फक्त कागद त्यांच्या बाजूने नव्हता.

जमिनीचा कागद

आधी तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून किंवा ऑनलाइन, कुटुंबाचा 8-अ आणि सगळ्या गटांचे सातबारे काढा. कोणत्या गटावर कुणाचं नाव, किती क्षेत्र, इतर हक्कांत कुणाचा बोजा, हे वाचा. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. पण बँकेच्या, खरेदी केंद्राच्या आणि योजनांच्या दारात तोच मागतात.

सासर आणि माहेर यांचं गणित वेगळं आहे. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत तुम्ही मुलगी म्हणून जन्मानेच भागीदार आहात. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये कायदा बदलला, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये दिला. हा हिंदू वारसा कायदा बौद्ध आणि जैनांनाही लागू आहे, अनुसूचित जमातींना नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींसाठी नियम निराळे, त्यांनी वकिलाला विचारावं. भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली तर ‘नुसती सही’ असं काही नसतं, हे ध्यानात ठेवा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं. माहेर तुटू नये म्हणून सोडायचं असेल तर सोडा, तो तुमचा निर्णय आहे. पण काय सोडताय त्याचं क्षेत्र आणि बाजारभाव आधी माहीत करून घ्या.

सासरी नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत पत्नीचा आपोआप हिस्सा होत नाही. तो वारला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचे वाटे सारखे असतात. ती वारसनोंद ताबडतोब करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज करायचा, फेरफार धरला जातो, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. अर्जाची पोच घ्या. दीरांनी परस्पर नाव वगळलं असेल तर प्रांताकडे अपील करता येतं. 2025 मध्ये महसूल खात्याने मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली, तिच्यात तुमच्या घरची नोंद झाली का ते तपासा. पती गेल्यावर दहा वर्षांनीही सासऱ्यांच्याच नावावर कसणाऱ्या बाईला पीककर्ज मिळत नाही, आणि नुकसानभरपाई दुसऱ्याच्या खात्यात जाते.

नवरा हयात असतानाचा रस्ता लक्ष्मी मुक्तीचा. 1986 साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतर शेतकरी संघटनेने ही मोहीम उचलली. ज्या गावातले शंभर शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करून देतील, तिथे संघटनेचे संस्थापक शरद जोशी स्वतः जात. पुढे 1992 मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलं आणि पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. इतकी वर्षं ती सोय आहे, आणि अजून बहुतेक सातबारे तसेच आहेत.

कारण साधं आहे. हा अर्ज बायकोला करता येत नाही, तो नवऱ्यानेच करायचा असतो. म्हणून हे शेवटचे दोन शब्द त्याच्यासाठी. दादा, हा लेख तुमच्या हातात पडला असेल, तर साध्या कागदावर अर्ज लिहा, सातबारा आणि दोघांची आधारकार्डं जोडा आणि या पंधरवड्यात तलाठी कार्यालयात देऊन त्याची पोच घरी आणा.